मामांच्या जीपचे मागचे ॲक्सल बदलले, त्याविषयी

तीर्थरूप जाम्बलदोर्जमामांना खोंगोरझूलचा दोन्ही हात पुढे करून नमस्कार.

वसंत सुखात जातो आहे ना? गुडघा वाकू लागला का? शहरातल्या इस्पितळात मांस देतात, की वाटीत नुसते बटाटेच पोहतात? इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या मेंढ्या ठीक, कोकरं ठीक, आई-बाबा ठीक, वारासुद्धा ठीक. (पाहुण्याचा चहा होईपर्यंत 'सगळं ठीक' एवढंच सांगायचं, ही आपली रीत. म्हणून कृपा करून इथे थांबा आणि चहा घ्या.)

घेतलात? तर, जीप.

जीपही ठीक आहे. फक्त तिचे मागचे दोन्ही ॲक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे आतले दांडे, आता नवे आहेत. "मी येईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही," असं तुम्ही आम्हा तिघांना ओळीने उभं करून बजावलं होतं, ते मला शब्दन्शब्द आठवतं. झालं असं, की बर्फ वितळून ओढ्याकाठी चिखल झाला आणि त्या चिखलात जीप गेली. (कशी गेली, ते पुढे येईल.) चाकं रुतली, क्लच एकदम सोडला गेला, मागून कडकन आवाज आला आणि मागच्या चाकांतला जीवच गेला. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला, तेव्हा ती बिचारी स्वतःला फरफटत घरी आली, मागचे पाय गेलेल्या कुत्रीसारखी. मला रडू आवरेना.

ट्रॅक्टरवाले चुलूनभाऊ बघून गेले. "ॲक्सल तुटलाय. एक तुटला की दुसराही थकलेलाच असतो, जोडीने बदला," म्हणाले, आणि जिल्ह्याच्या गावाहून जोडी आणूनही दिली. बसवायला मात्र थांबले नाहीत. "घरात शिकलेली पोर आहे की, पुस्तक वाचेल आणि बसवेल!" आपल्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, पण शिकले गुरांचं वैद्यक. (तालुक्याच्या पशुवैद्याच्या जागेसाठी माझं नाव निघालंय, एक अट तेवढी राहिली आहे. तीही पुढे येईल.) आपल्याकडे शिकलेलं माणूस म्हणजे सगळंच शिकलेलं. सीटखालचं रशियन पुस्तक मी दोनदा वाचलं, चाकाच्या मधोमध असलेले बोल्ट काढून कागदावर क्रमाने चिकटवले, आकडे घातले (बाबा म्हणाले, "नावंही ठेव त्यांना"), आणि ॲक्सल ओढला. हातात अर्धाच आला. उरलेला तुकडा आत, ॲक्सल ज्यात बसतो त्या नळीत, हातभर खोल.

यावर पुस्तक गप्प आहे. बाबा गप्प नव्हते. त्यांनी घोडे धरायची लांब फासकाठी आणली, हो, तीच, आजोबांची उर्गा. टोकाला तारेचा फास लावला आणि नळीत सारली. "अख्खा जन्म पळते घोडे धरण्यात गेला. हा तर उभा आहे!" फास बसला. आवळलाही. मग ना पुढे, ना मागे. काठीचं एक टोक जीपच्या पोटात, दुसरं गोठ्याच्या कुंपणाला, मधली सगळी काठी गुडघाभर उंचीवर आडवी. जोर लावावा तर काठी मोडेल, म्हणून बाबा लावू देईनात.

आता बाईमाणसाने उर्गा ओलांडायची नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. आपला राहायचा तंबू, गेर, अलीकडे, गाई पलीकडे. आई सकाळ-संध्याकाळ दुधाच्या बादल्या घेऊन जीपला वळसा घालत होती. "माझ्या भावाची गाडी म्हणून गप्प आहे, नाहीतर..." पुढचं मी लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी तिने बादली खाली आपटली. "झूल, वासरू अडलं की तू काय करतेस गं?"

खरंच, काय करते? ओढत तर नाही. आधी तेल, मग जरा मागे ढकलायचं, किंचित फिरवायचं आणि सावकाश बाहेर घ्यायचं. मी काठीखालून सरपटत पलीकडे गेले. (ओलांडू नये असं सांगितलंय, खालून जाऊ नये असं कुणी सांगितलेलं नाही. बाबांना तीनदा विचारून घेतलं.) नळीत गिअर ऑइल ओतलं, काठी ढकलली, फिरवली. "हळू बाई, हळू," आई कुजबुजत होती. तुकडा बाहेर आला, तेव्हा तिने सवयीने फडकं पुढे केलं आणि त्याला पुसलंसुद्धा. बाबांनी वाकून विचारलं, "कालवड की गोऱ्हा?"

नवे ॲक्सल मुकाट्याने बसले. पॅकिंग नवं घातलं, बोल्ट आकड्यांप्रमाणे आवळले. दोन दिवस खाली पुठ्ठा ठेवून पाहिला, तेलाचा एक थेंब नाही. आईने वाटेला शुभ म्हणून चारही चाकांवर दूध शिंपडलं. उर्गाही शाबूत आहे.

आईने दह्याचे वाळवलेले तुकडे, आरूल, पाठवलं आहे. फार वाळलंय, दात जपून.

तुमची भाची,
खोंगोरझूल

ता. क. वर 'क्लच एकदम सोडला गेला' असं लिहिलं आहे. तो मी सोडला. बाबा म्हणाले, मी चालवत होतो असं लिही. पण बाबांना जीपचं दारसुद्धा उघडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

ता. क. २ ती अट अशी, की तालुक्याच्या पशुवैद्याला गाडी चालवता आली पाहिजे. परीक्षा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आहे आणि गाडी ज्याची त्याने आणायची. त्या दिवशी मी त्याचाच सराव करत होते. नापास झाले तर जागा दुसऱ्याला जाईल. तालुक्यातल्या सगळ्या जीपवाल्यांना विचारून झालं. ओढ्याकाठची गोष्ट मी पोचण्याआधीच त्यांच्या कानावर गेली होती. तर मामा, तुमची जीप परीक्षेला नेऊ का?

ता. क. ३ उत्तर टपालाच्या गाडीवाल्याकडेच द्या. रागावला असाल तरी रीत सोडू नका, आधी 'सगळं ठीक' लिहा. मी तिथे थांबेन, चहा करेन, आणि मग पुढचं वाचेन.