मैदानातलं मैदानात

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. आता वाटतंय, तेही मायेनं नाही. मागच्या महिन्यात एका सकाळी शेजारणीच्या गॅरेजमध्ये मला किळस आली. ती अजून गेलेली नाही. भांडी घासताना येते, गाडी चालवताना येते. आणि ती नवी नाही, अकरा वर्षांची असताना स्टेडियमच्या पायऱ्यांवर तुमच्या शेजारी उभी होते तेव्हा आली होती तीच आहे. म्हणून हे सांगायचं तर तुम्हालाच सांगायला हवं.

मी सिडनीच्या टोकाला राहते, स्कोफिल्ड्स म्हणून भाग आहे. सगळी घरं नवी, एकसारखी, मधे पत्र्याचं कुंपण. कुंपणापलीकडे एक आयरिश बाई राहते, एकटी. वृद्धांच्या एका केअर होममध्ये नर्स आहे. आयर्लंड कुठे आहे हे तुम्हाला सांगायला नको, शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा तुम्हीच रंगवला होतात. साथ आली, विमानं बंद झाली, आणि इथल्या थंडीत तिची आई तिकडे वारली. तिला जाता आलं नाही. अंत्यविधी तिनं फोनवर बघितला, ड्राइव्हवेवर प्लास्टिकची खुर्ची टाकून, कारण घरात तिचा जीव गुदमरत होता. जवळ जायची मुभा नव्हती, म्हणून मी मास्क लावून कुंपणाच्या अलीकडे नुसती उभी राहिले. चर्चमध्ये मोजकी माणसं होती. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत पुढे तिचा धाकटा भाऊ होता. तो त्यांच्या गावच्या क्लबकडून फुटबॉल खेळतो. दिवसा सुतारकाम, संध्याकाळी सराव.

त्या क्लबनं यंदा देशाच्या कपची फायनल गाठली. आईनंतर घरात पहिल्यांदा काही चांगलं घडलं होतं, त्यामुळे शेजारीण हरखून गेली. तिकडे संध्याकाळी मॅच, म्हणजे इथे भल्या पहाटे. तोवर इथले निर्बंध सैल झाले होते. तिनं गॅरेज झाडलं, टीव्ही बाहेर काढला, हवा खेळावी म्हणून शटर वर करून ठेवलं, आणि सिडनीत असतील नसतील तेवढी गावची माणसं बोलावली. मला म्हणाली, "तू ये. मुलीलाही आण. आमच्यात शिरा करत नाहीत, पण सॉसेज आहेत." मी शिराच करून नेला.

त्या लोकांत एक इलेक्ट्रिशियन होता, पन्नाशीचा, मोठ्या हाडाचा. तिच्या आईच्याच गल्लीत वाढलेला. शेजारणीनं भाजलेला ब्रेड त्यानं सगळ्यांना वाढला, मला खुर्ची दिली, शिरा दोनदा मागून घेतला. माझ्या लेकीला ऑफसाइड समजावून सांगितलं, खरं तर तिला ते माहीत होतं. मला तो माणूस आवडला, हे आधीच सांगून ठेवते.

स्टेडियम रिकामं होतं, आबा. तुम्हाला ते बघवलं नसतं. प्रेक्षकांना बंदीच होती. खेळाडू एकमेकांना ओरडून सांगत होते ते ऐकू येत होतं, चेंडूला बूट लागल्याचा आवाज येत होता, मागे ओळीनं मोकळ्या खुर्च्या. त्यांचा क्लब एका गोलनं मागे होता, अगदी शेवटाला बरोबरी झाली, जादा वेळही संपला आणि पेनल्ट्या आल्या. एव्हाना बाहेर लख्ख उजाडलं होतं, तारेवर मॅगपाय पक्षी ओरडत होते. शेवटची पेनल्टी तिच्या भावाकडे आली. शेजारणीनं दोन्ही हात तोंडावर धरले. त्यानं चेंडू ठेवला, मागे आला, धावला, आणि चेंडू बारवरून त्या रिकाम्या खुर्च्यांत गेला. त्या खुर्च्यांवर तो आपटल्याचा आवाजही आला.

मग इलेक्ट्रिशियन म्हणाला, हातातली प्लेट तशीच धरून, "आईबरोबर यालाही पुरायला हवं होतं."

दोघं-तिघं हसले. मोठ्यानं नाही, नाकातून. मग सगळ्यांची तोंडं सुटली. कुणी म्हणालं, महिनाभर रडत बसलेल्या पोराला खेळवायचंच कशाला. कुणी फोन काढून क्लबच्या पानावर गावचे लोक काय लिहितायत ते वाचायला लागलं. चारशे उंबऱ्यांचं खेडं नव्हे, चांगलं मोठं गाव आहे ते, पण सगळे एकमेकांना ओळखणारे. ज्यांनी शवपेटीमागून चालता येत नाही म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहून हात छातीवर धरले होते, तेच लिहीत होते. एकानं आई आणि मुलाचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं की बरं झालं, हे बघायला ती राहिली नाही. ते मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं, तिच्याच गॅरेजमध्ये, तिनं केलेलं खात खात. माझी लेक माझ्या कानाशी म्हणाली, "मम, दॅट्स हिज सिस्टर. दे नो शी इज हिज सिस्टर, राइट?" मी म्हटलं, "हो. माहीत आहे त्यांना."

आता तुमचं सांगते. आपलं स्वयंपाकघर लहान होतं, तरी पेठांच्या फुटबॉल फायनलच्या आधी तुम्ही जमिनीवर पंधरा फुटी कापड अंथरायचात आणि त्यावर पेठेचं नाव रंगवायचात. आई पोळ्या करताना त्याच्या कडेनं पाय उचलून फिरायची. रंगाचा वास भाजीला यायचा. तुमच्यासारखं अक्षर कोल्हापुरात कुणाचं नव्हतं. शाळेत तुम्ही मुलांना 'अहो' म्हणायचात. घरात तुमचा आवाज कधी चढला नाही. आपल्या पेठेचा गोलकीपर तुमचाच विद्यार्थी, दोन घरं सोडून राहणारा, फौंड्रीत कामाला. त्याचे वडील गेलेले. सराव झाला की तो आपल्या दाराशी यायचा, आई त्याला दोन अंडी उकडून द्यायची, आणि तुम्ही शेजारी बसून त्याला मिठाची वाटी पुढे करायचात.

त्या वर्षी तुम्ही मला पहिल्यांदा फायनलला नेलंत. पायऱ्यांवर माणूस मावत नव्हता. साधा चेंडू होता, आबा, मलाही कळलं की साधा होता, त्याच्या हातातून निसटला आणि आत गेला. तुम्ही उठून उभे राहिलात. तुमच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या आणि तुम्ही त्याच्या आईबद्दल जे ओरडलात ते मी आजही लिहू शकत नाही. एकदा नाही, मॅच संपेपर्यंत. तुमची थुंकी माझ्या हातावर उडत होती आणि मी ती फ्रॉकला पुसत होते. मला तुम्ही ओळखू येईनात. बाहेर आल्यावर तुम्ही मला भेळ घेऊन दिलीत, भेळवाल्याला "अहो, पोरीला शेंगदाणे जरा जास्त घाला" म्हणालात, इतक्या गोड आवाजात, की मला ओकारी आली. मी विचारलं, "तुम्ही त्याच्या आईला तसं का म्हणालात? तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, तरी आई तिला तिळगूळ नेऊन देते की." तुम्ही थांबलात. "पोरी, मैदानातलं मैदानात ठेवायचं. घरी न्यायचं नाही. आईला यातलं काही सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी दूध आणायला निघालो तर त्याच्या दाराला सुतळीनं काचेच्या बांगड्या बांधलेल्या, आणि खाली पुठ्ठा. 'पुढच्या वेळी हे घालून ये.' त्याची आई दारात उभी होती. तिनं दोन बांगड्या सोडवून हातात धरल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. ती आईला म्हणाली, "काय लिवलंय वो वैनी ह्यात?" आई पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मीही बघत होते. त्यातला 'ळ' मला आपल्या कापडावरून, शाळेच्या फलकावरून, माझ्या वह्यांच्या कव्हरांवरून पाठ होता, दोन सारख्या पाकळ्यांचा. आई म्हणाली, "काय न्हाई. कसलीतरी जाहिरात हाय." तिनं पुठ्ठा काढला, पदराखाली घातला, घरी आणून बंबात सारला आणि तुमच्यासमोर चहा ठेवला. कप जरा आपटला, इतकंच. तुम्ही पेपर वाचत होतात.

तर त्या गॅरेजमध्ये मला हे सगळं आठवत होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा काहीच आठवत नव्हतं. मी उठले, इलेक्ट्रिशियनसमोर गेले आणि त्याच्या हातातली प्लेट काढून घेतली. तो म्हणाला, "माझं खाऊन झालं नव्हतं." मी म्हटलं, "झालंय." तो गोंधळून हसला. "अगं, रागाच्या भरात बोललं जातं. फुटबॉल आहे. त्याचं इतकं घरी न्यायचं नसतं." हे तो इंग्रजीत म्हणाला, आबा, पण मला ते तुमच्या आवाजात ऐकू आलं. मी म्हटलं, "हे तिचंच घर आहे." माणसं हळूहळू उठली, "चिअर्स", "सी या" करत गाड्यांत बसली. शेजारीण प्रत्येकाला उरलेला ब्रेड फॉइलमध्ये बांधून देत होती. त्यालाही दिला.

सगळे गेल्यावर मला वाटलं ती रडेल, मी तिला जवळ घेईन. ती माझ्यावर चिडली. "तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? आई गेली तेव्हा या माणसानं रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर सूप आणून ठेवलं. बेल वाजवायचा आणि दूर गाडीपाशी जाऊन उभा राहायचा, मी उचलेपर्यंत. मला इथं हीच माणसं आहेत. उद्या मी कुणाकडे जाऊ?" मी म्हटलं, "माझ्याकडे ये." ती म्हणाली, "तू माझ्या आईला ओळखत नव्हतीस. तो ओळखत होता." पण मला आणखीच किळस आली. ओळखत होता, म्हणून तर. अनोळखी माणसाला इतकं नेमकं कुठे टोचायचं ते कळलं नसतं.

तिच्या भावानं दोन दिवस फोन उचलला नाही. मग उचलला, तेव्हा कळलं की त्यानं सगळं वाचलं होतं, प्रत्येक शब्द, सर्वांत वाईट काय लिहिलंय ते शोधत. आता तो दुसऱ्या गावच्या एका लहान क्लबकडून खेळणार आहे. हे शेजारणीनं मला कुंपणावरून सांगितलं, जरा कोरडेपणानं, पण सांगितलं. आम्ही पुन्हा बोलतो आहोत. इलेक्ट्रिशियनची व्हॅन अधूनमधून तिच्या दारात दिसते. तो मला हात करतो. मी करत नाही.

आपला गोलकीपर पुन्हा कधी खेळला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही गेलात तेव्हा तो आला होता हे माहीत नसेल. शिफ्टवरून थेट, हातांना काजळी तशीच. तिरडीला खांदा दिला, शेवटपर्यंत बदलू दिला नाही. निघताना मला म्हणाला, "ताई, सर लई मोठा माणूस. माझं अक्षर त्यांनीच वळवलं." पाच वर्षं तो तुमच्या वर्गात बसला होता. त्याच्या दारावरचा तो पुठ्ठा आईनं काढण्याआधी त्यानं पाहिला असेल की नाही, मला माहीत नाही. पाहिला असेल तर तो 'ळ' त्याला ओळखू आला नसेल, असं होणार नाही. मी त्याला विचारलं नाही. मला त्याचा राग आला, तुमचा त्याहून जास्त, आणि चिता पेटलेली असताना मी तोंड फिरवून उभी होते. लोकांना वाटलं, दुःखानं.

हे मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागा नाही आणि लेकीला वाचून दाखवायचं धाडस नाही. तिनं मागे विचारलं होतं, आजोबा कसे होते. मी म्हटलं, चित्रं छान काढायचे.

एक गोष्ट मात्र मी वर गाळली. बरोबरीचा गोल झाला तेव्हा मी खुर्चीतून उडाले होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या इलेक्ट्रिशियननं मला मिठी मारली. कितीतरी महिन्यांत घराबाहेरच्या कुणाचा स्पर्श झाला नव्हता. त्याच्या शर्टाला तंबाखूचा आणि घामाचा वास होता, तो ओरडत होता, मीही ओरडत होते. आणि आबा, मला ती मिठी फार आवडली.