आत्याच्या गाडीचं पॅकिंग

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहिताना आज हात अडखळला. तरी लिहिलं, कारण तुम्हाला दुसरं काही म्हणायची सवय नाही.

काल आंधळगावला, आत्याच्या अंगणात, तुम्ही तिला दिलेल्या गाडीचं इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडलं. तेव्हापासून तीनदा हात धुतलेत. आधी रॉकेलनं, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं. जेवायला बसले आणि ताट तसंच सारून उठले. हे सगळं सांगायचं कुणाला? तुम्हालाच!

झालं असं. गेल्या मंगळवारी आत्या आतोबांना डायलिसिसला भंडाऱ्याला नेत होती. पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकलेली ती बाई! वाटेत तेलाचा लाल दिवा लागला. तिनं लगेच इंजिन बंद केलं म्हणून ते वाचलं. आतोबा रस्त्याच्या कडेला दीड तास उन्हात बसून होते. सुईनं चाळण झालेला हात मांडीवर धरून.

मला फोन आला. गॅरेजमधून एका दिवसाची सुट्टी काढली, हत्यारं घेतली आणि गेले. तुम्हीच नाही का म्हणायचे, “पोरगी मेकॅनिक झाली, आता मले काय फिकर?”

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, खाली सरपटले, तेल काढलं. तेल कसलं, डांबरच! मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बोल्ट काढले, तरी चेंबर हलेना. लाकडी हातोड्यानं ठोकून सुटलं तेव्हा कळलं ते कशानं चिकटलं होतं. लाल सिलिकॉन, ट्यूबमधली पेस्ट! बोटभर जाड, सगळ्या कडेनं थापलेलं. त्याच्याखाली चेंबर आणि इंजिनाच्या मधलं जुनं पॅकिंग, सडून तुकडे तुकडे झालेलं. कड पुसलेलीसुद्धा नव्हती, बाबा. तेलकट घाणीवरच थापलं होतं. त्याचे लोंबते तुकडे तुटून तेल ओढणाऱ्या जाळीत अडकले होते. बोटांनी उपसले तेव्हा सडक्या मांसासारखे हाताला आले.

कुण्या मिस्त्रीनं केलं असतं तर त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण मला तो रविवार आठवला. आपल्या जवाहरनगरच्या क्वार्टरसमोर तुम्ही गाडीखालून बाहेर आलात, बोटं लाल झालेली. मी चहा घेऊन उभी होते. तुम्ही म्हणालात, “पॅकिंग बदलवून टाकलं. आता दहा वर्षं पाहाचं काम नाही.” मी मेकॅनिक असून खाली वाकून पाहिलं नाही. का पाहीन? तुम्ही म्हणाला होतात ना!

तरीही मी तुमची बाजू शोधत होते. म्हटलं, नवीन पॅकिंग मिळालं नसेल. मग स्टेपनी काढली आणि तिच्याखाली ते सापडलं. नवंकोरं, पाकिटात. फोडलेलंसुद्धा नाही! आणलं होतंत, आणि लावलं नाहीत. कारण ते लावायला अख्खा दिवस जातो, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्हाला आत्याला घेऊन पवनीला जायचं होतं, हक्कसोडीच्या सहीसाठी. आसगावच्या शेतातला हिस्सा तिनं सोडायचा आणि बदल्यात तुम्ही तिला गाडी द्यायची. “जावई आमचे दवाखान्यात आरामात गेले पाहिजेत,” असं आतोबांबद्दल चार लोकांसमोर म्हणाला होतात तुम्ही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही!

त्या पाण्याची आता मला किळस येते.

सिलिकॉनचे तुकडे परातीत टाकत होते. आत्या शेजारी येऊन बसली.

“लाल लाल काय निंगून राहिलं व पोरी?”

मी सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल म्हणून हळूहळू सांगितलं. तिनं परातीकडे पाहिलं आणि म्हणाली, “मले मालूम होतं.”

“केव्हापासून?”

“सही करून गाडी दारात आणली ना, त्याच संध्याकाळी. खाली तेल सांडलं होतं.”

“मग बाबाले विचारलं काहून नाही?”

“काय विचारू? तो म्हणला असता, गाडी वापस दे न हिस्सा घे. हिस्सा मी घेतला नसता. मंग खालीपिली भाऊ गेला असता.” मग म्हणाली, “तुझ्या आतोबाले सांगू नको. ते त्याले लय मानतात.”

वर्षाहून जास्त काळ ती रोज सकाळी गाडीखालचा ट्रे रिकामा करत होती, बाबा. वरून तेल ओतत होती. आणि तुमच्या मयतीत सगळ्यांत मोठ्यानं तीच रडली!

मी पुन्हा कामाला लागले. कड खरवडली, धातू चमकेपर्यंत. तुम्ही आणलेलं पॅकिंगच बसवलं. चांगलंच होतं ते. मधल्या बोल्टपासून बाहेर, आलटून पालटून, थोडे थोडे कसले. नवीन तेल भरलं, इंजिन तासभर चालू ठेवलं. खाली कोरा कागद पसरला होता. एक थेंब नाही. एका दिवसाचं काम होतं हो! सख्ख्या बहिणीसाठी एक दिवस नव्हता तुमच्याकडे?

आज सकाळी आत्या आतोबांना घेऊन भंडाऱ्याला गेली. पोचल्याचा फोन आला तेव्हा मला रडू फुटलं. तुमच्यासाठी नाही.

रविवारी तुमची पहिली पुण्यतिथी. हार मी घालायचा, असं दादा म्हणतो. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही, आत्याला शब्द दिलाय.

तुम्हालाही एक शब्द देते. आसगावच्या शेतातला माझ्या वाट्याचा तुकडा मी आत्याच्या नावे करणार. दादा भांडेल. आत्या तर हात जोडून नाही म्हणेल. तरी तिला पवनीला नेईन आणि कागद करूनच परत आणीन. त्या दिवशी तुमच्या फोटोला हार घालीन, बाबा.

त्याआधी नाही.

तुमचीच,
मंजू