खालून कापलेले कागद

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. काल संग्रहालयाकडून पार्सल आलं. आत यांच्या गाण्यांच्या एकशे बारा कागदांच्या झेरॉक्स, टेपांवरून उतरवलेली एक सीडी, बत्तीस पानांची यादी आणि सहीसाठी एक फॉर्म. टपालखर्च त्यांचाच. मला फक्त सीडी वाजवायचं यंत्र शेजारच्या मास्तरांकडून मागून आणावं लागलं, त्यापायी अर्धा तास त्यांची गुडघेदुखी ऐकली.

हे जाऊन दीड वर्ष झालं. तुला कळवलं नाही, पेपरात वाचलं असशील. घशाचाच रोग निघाला. शेवटचे चार महिने आवाज नव्हता. एवढा गाणारा माणूस, पाटीवर लिहून पाणी मागायचा. मी उशाशी बसून देवाचं नाव घ्यायची, तर पाटीवर लिहिलं, ‘हळू.’

मग संग्रहालयाच्या बाई आल्या. चार दिवस बाहेरच्या खोलीत ट्रंका उघडून बसल्या. हातमोजे घालून एकेक कागद उचलायच्या, पेन वापरायच्या नाहीत, चहासुद्धा अंगणात जाऊन प्यायच्या. मला बाई आवडली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की सगळे कागद खालून कापलेले कसे? मी म्हटलं, कागद महाग होता. ती हसली आणि लिहून घेतलं. आता यादीत छापून आलंय, ‘काटकसरी पत्नीने कोरा भाग कापून वापरला.’ तुझ्या अक्षरापुढे लिहिलंय, ‘अक्षर लेखनिकाचे.’ हे सगळ्यांना तेच सांगायचे ना, की मेहुणीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून तिच्याकडून उतरवून घेतो.

सीडी लावली. सातव्या गाण्याआधी तू बोलतेस. अठरा वर्षांची असशील, कॉलेजसाठी आमच्याकडे राहायचीस तेव्हाची. “भाऊजी, दुसरं कडवं मी बदललंय, आता ऐका.” मग थांबतेस आणि म्हणतेस, “ताई, कात्री थांबव ना, टेपवर येतेय.” यादीत त्यापुढे नोंद आहे, ‘अनोळखी मुलीचा आवाज, मागे खरखर.’ मी यंत्र बंद केलं. स्वयंपाक तसाच राहिला.

शेवटच्या ओळीखाली चार बोटं जागा सोडून तू तुझं नाव नि तारीख घालायचीस. पहिले पाच-सहा कागद मी न बघता कापले, देवाशपथ. पुढचे बघून कापले. यांच्या नावावर घर चालत होतं, असं मी मनाला सांगायची. पण तेवढंच नव्हतं. तुम्ही दोघं आत पेटी घेऊन बसायचात, एका शब्दावरून भांडायचात, हसायचात. मी उंबऱ्यात. हे मला कधी ‘ऐक गं’ म्हणाले नाहीत. माझ्या हाती यायचा तो नंतर कागद.

पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तू नाव मागितलंस. हे म्हणाले, “कुठे आहे तुझं नाव? दाखव.” तू गठ्ठा आणलास, एकेक कागद उलटलास, मग माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, “कोराच भाग होता, वाया जात होता.” त्या दुपारीच तू बॅग भरलीस. सत्तावीस वर्षं झाली. यांना ठाऊक होतं का, मी कधी विचारलं नाही. त्यांनीही मला कधी विचारलं नाही.

त्या पट्ट्यांचं मी काय केलं, ते तुला ठाऊक नाही. दोऱ्याने शिवून वह्या केल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रोज देवाचं नाव लिहीत बसले. एका अंगाला तुझं नाव, दुसऱ्या अंगाला त्याचं. भरलेल्या वह्या देवळात दिल्या, त्या गेल्या. एक अर्धी राहिली होती. आज सकाळी तिची शिवण उसवली. तुझ्या नावाच्या चौदा पट्ट्या निघाल्या. झेरॉक्सला लावून बघितल्या. माझी कात्री मध्येच अडखळायची, त्यामुळे काठ बरोबर बसले.

फॉर्मवर छापलंय की सर्व गाणी माझ्या पतीने एकट्याने लिहिली. मी सही केलेली नाही. पंधरा तारखेला बाई येतील, त्यांना पट्ट्या देईन आणि माझ्या तोंडाने सगळं सांगेन. पण चौदाच्या पुढची तुझी कुठली, ते मला सांगता येणार नाही. यांच्या गाण्यांचे कागदही मी तसेच खालून कापलेत. अक्षरावरून ठरवावं, तर यांची गाणीही तूच उतरवून द्यायचीस. आणि मी गाणी कधी वाचलीच नाहीत, खालचं नाव तेवढं वाचलं. म्हणून सगळ्या झेरॉक्स सोबत पाठवते आहे. तुझ्या असतील त्यांवर खूण कर. क्षमा मागायला हे पत्र नाही, ती मागायला मला तोंड नाही. मला दोन ओळी लिहाव्यात असं तुला वाटलं नाही तर लिहू नकोस. सोबतच्या रिकाम्या पाकिटावर बाईंचा पत्ता घातलाय, तिकीट लावलंय. पण खुणा करून कागद उलट टपाली पाठव.

तुझीच,
ताई