फाटकावरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा

सोमवार, ३ तारीख. सकाळी ७.१०
फाटकाशी पुन्हा काळी पिशवी. कुत्र्यांनी फाडलेली. कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा, रस्ताभर. शी. लोकांनी लाज कोळून प्यायलीय. दोन आठवड्यांपूर्वी जावयाने दिलेला कॅमेरा बसवला, तेव्हापासून हे सुरू झालं. म्हणजे मुद्दाम. शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर, दुसरं कोण? कालच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंडावर सांगून टाकलं. ते शांतपणे म्हणाले, पुरावा दाखवा. ठरलं: येत्या रविवारी पुरावा, नाहीतर मी सोळा घरांसमोर उभं राहून माफी मागायची. मागतोय कशाला. कॅमेरा आहे.

७.४०
कॅमेऱ्यात काही नाही. बॅटरी शून्य. कालच फुल चार्ज केली होती. खोक्यावर 'सहा महिने' छापलंय. चोर लेकाचे.

मंगळवार
सकाळी कचरा टाकायला निघालो तर कॅमेऱ्याचा दिवा लाल. सगळं सोडून बॅटरी उपसली, तडक आत चार्जिंगला. अर्ध्या तासात पिशवी हजर. बॅटरी काढली की पिशवी! हेडमास्तर पाळत ठेवून आहेत.
झाडताना ही म्हणाली, चोथ्यात आलं दिसतंय, अगदी आपल्यासारखं. म्हटलं, तोच तर डाव आहे, आपल्यावर ढकलायचा. बायकांना राजकारण कळत नाही.

बुधवार
पुन्हा लाल, पुन्हा चार्जिंग, पुन्हा पिशवी. चप्पल भरली. किळस आली.
जावयाला फोन. म्हणाला, काहीही हललं की कॅमेरा जागा होतो. समोरची बोगनवेल हलत असेल. रस्ता वगळा, सेन्सिटिव्हिटी कमी करा, राउटर खिडकीत ठेवा. आणि बाबा, लाइव्ह बघणं कमी करा, त्यातच बॅटरी खपते. म्हटलं, मी कुठे बघतो? त्याच्या मोबाइलवर दिसतं म्हणे: काल एकशे चौदा वेळा. ॲप धडधडीत खोटं बोलतं.

गुरुवार
सकाळचा लाल दिवा आणि पिशवी, नेहमीप्रमाणे. बॅटरी दुपारी बसवली आणि बोगनवेल मुळापर्यंत छाटली. दोन्ही हात ओरबाडले. ही भडकली. बारा वर्षांची वेल होती म्हणे.
संध्याकाळी ९ टक्के. क्लिपा एकसष्ट. मांजर चार, दूधवाला एक, उरलेल्या छप्पन्न माझ्या: छाटताना, झाडताना, आणि कॅमेरा चालतोय का हे हात हलवून बघताना. या कॅमेऱ्याला घरचा माणूस ओळखता येत नाही. निव्वळ भंगार.

शुक्रवार
पिशवी. आता लिहायचाही वीट आला.
संकल्प: बॅटरी फुल करून बसवायची आणि रविवारपर्यंत ॲप उघडायचं नाही. मोबाइल हिच्या कपाटात. किल्ली हिच्या कमरेला. दुपारभर हात नुसते शिवशिवत होते.

शनिवार. सकाळी ७.००
दिवा हिरवा! जावयाला जमलं नाही ते मी डोक्याने केलं. कचरा घेऊन निघालो होतो, वाटेत भिंग बाहीने पुसलं, हिरव्या दिव्याकडे मनसोक्त बघितलं आणि आत येऊन चहा घेतला.

७.३०
पिशवी! पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बरं वाटलं. बॅटरी जिवंत असताना टाकली. सापडले हेडमास्तर. तरी मोबाइल मागितला नाही. उद्या थेट सगळ्यांसमोर, मोठ्या टीव्हीवर. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

रविवार, दुपारी १.००
हिने मोबाइल आणला, सेक्रेटरीने शनिवारची क्लिप लावली. ६.५२. फाटकाशी पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. माझाच. हातात काळी पिशवी. ती खाली ठेवली. भिंग पुसलं, इतक्या जवळून की नाकातले केस सोळा घरांनी पाहिले. मग दिव्याकडे बघून हसलो आणि रिकाम्या हाताने आत गेलो. पिशवी तिथेच. मग कुत्रं आलं.
कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. उठलो, माफी मागितली. हेडमास्तर म्हणाले, असू द्या, होतं असं. बाहेर पडताना हळूच विचारलं, त्यांनाही कॅमेरा घ्यायचाय, बॅटरी कितपत टिकते?
घरी आलो. उद्यापासून कचरा ही टाकणार. मोबाइल परत मिळाला. बॅटरी ८८ टक्के.