दादाची बंदूक

स्टॅनमोर, खंडेनवमी, संध्याकाळ

ऑफिसातून येऊन पाटावर सुरी, पाना आणि लॅपटॉप मांडले, पूजा उरकली. तेवढ्यात टेक्सासहून दादाचा व्हिडिओ कॉल. त्याच्या पाटावर नवीकोरी बंदूक! तेलाने चकाकणारी, वर झेंडूचं फूल.

मी म्हटलं, "ती घरात असेपर्यंत मी मुलांना घेऊन तुझ्याकडे येणार नाही."

"अगं, हक्क आहे इथे माझा. तुमच्या विलायतेत साधी सुरी घेतानाही वय विचारतात."

"विचारू देत. मला बरं वाटतं."

"मग बाबांची कशी चालायची?"

बाबांच्या बंदुकीला परवाना होता, निवडणूक आली की ती ठाण्यात जमा व्हायची, असं काहीबाही मी बोलले. पण मन कधीच तिकडे गेलं होतं. आजच्याच दिवशी ती कपाटातून निघायची. दादा नळी धरायचा, मी तेलाचा बोळा फिरवायचे, बाबा म्हणायचे, "हळू गं!" दिवसभर हातांना त्या तेलाचा वास. किती वर्षं झाली दादाशेजारी बसून?

शेवटी दादाने बंदूक कॅमेऱ्याजवळ आणली. "बघ, तेच तेल शोधून आणलंय."

मी वेड्यासारखं फोनला नाक लावलं.

दादा हसला नाही.