लॅपटॉपचा नारळ

अश्विनी,

तुझ्या सासूबाई गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा नवा लॅपटॉप घरात येऊन चारच दिवस झाले होते. "नवी वस्तू हाय, शुक्रवारी नारळ फोडू," असं ती म्हणाली होती. तो शुक्रवार तिला दिसला नाही. बायकोचा शब्द राहू नये म्हणून काल तू कामावर असताना मी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि नारळाचं पाणी बटणांवर सांडलं. लगेच पुसलं. तुला सांगायचा धीर झाला नाही.

आज उघडला तर काळ्या पडद्यावर पासवर्ड मागतो. तिच्या वहीतला शब्द बघून टाकला, तर एक अक्षर उमटेना. पोराला, सुदर्शनला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, या लॅपटॉपात लिनक्स हाय, त्यात पासवर्ड टाकताना कधी कधी काहीच दिसत नाय. तुमी टाकत राहा." नारळाचं त्याला बोललो नाही. दुपारपर्यंत टाकत राहिलो. बटणं गेलीत का मी चुकतोय, मला कळत नाही.

लॅपटॉपात तिनं तुझ्यासाठी रानभाज्या कशा करायच्या ते लिहिलंय. भारंगी आणि चाई मला वाचून दाखवली होती. लोताची भाजी खाल्ली की घसा खाजतो, ती खाज कशी घालवायची ते तिच्या बहिणीला, कोंडाबाईला, माहीत असेल. एसटीनं तिच्याकडे डोंगरात चाललोय, लिहून घ्यायला वही घेतली आहे. उद्या येईन.

लॅपटॉप ओट्यावर उन्हात ठेवलाय, आत घे. भाकरी झाकली आहे.

लोताची भाजी लिहायची राहिली आहे.

दादा