साठ श्वासांचा कागद

ड्रेस्डेन
१२ ऑक्टोबर २०१४

तीर्थरूप आण्णांना मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते, आणि आजचं ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र. तुमची नात स्पृहा मजेत आहे. मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देते आणि वर माझेच उच्चार सुधारते. आईचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणावं.

मला लॅबोरेटरीत नोकरी लागली असं कळवलं होतं ते अर्धंच खरं. आण्णा, मी वास घेण्याची नोकरी करते. हसा खुशाल! तुमची एकतीस वर्षं मिरजेच्या सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर गेली आणि लेक जर्मनीत येऊन तेच हुंगते आहे. इथे आधी नाकाची परीक्षा घेतात. फार तिखट नाक चालत नाही, बोथटही नाही. मग ठरलेल्या जागी दहा मिनिटं उभं राहायचं, दर दहा सेकंदांनी एक श्वास घ्यायचा आणि वास आला की नाही ते कागदावर लिहायचं. एका वेळी साठ श्वास. जायचं त्या दिवशी मी घरात लसणाची फोडणीसुद्धा करत नाही.

आता खरं सांगते. या उन्हाळ्यात आम्हा पाच जणांना शहराबाहेरच्या एका सांडपाणी केंद्रावर पाठवलं. तिथला वास कसा घालवायचा हे ठरवण्याचं काम गौरांगच्या कंपनीकडे होतं, आणि त्यानं पहिल्यांदाच स्वतःच्या सहीनं ठरवलं होतं. झाडांच्या सालींचा मोठा वाफा करून त्यातून हवा सोडायची, म्हणजे सालीतले जंतू वास खातात, हा एक मार्ग. दुसरा, औषधी पाण्यानं हवा धुण्याचा. त्यानं तिसरा निवडला, वास शोषून घेणाऱ्या कोळशाची टाकी. जागा कमी लागते, आठ दिवसांत चालू होते. ती टाकी चालते का, हेच आम्हाला हुंगायचं होतं. लग्नानंतर नाव बदलू नकोस असं तुम्ही बजावलं होतंत. पासपोर्टवर मी अजून वाळिंबेच, त्यामुळे लॅबमध्ये कुणाला नातं कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

माझी जागा फ्राउ विंकलर नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या कुंपणापाशी होती. पहिली तक्रार त्यांचीच. पहिल्या दिवशी साठांतल्या तेवीस श्वासांना वास आला. सडक्या अंड्यांचा, चांगला ओळखीचा. मी साठही ठिकाणी ‘नाही’ असं लिहिलं. तीनदा गेले, तीनदा तेच. गौरांगनं ग्रामसभेत आमचे आकडे भिंतीवर दाखवले आणि घरी येताना केक आणला. माझा तुकडा मी स्पृहाला दिला. त्याला यातलं काहीच माहीत नाही.

लाज वाटते, आण्णा. तुमचा लोभ आहे तसाच राहील ना, तेवढं कळवा.

तुमची
मुक्ता


मिरज
२५ ऑक्टोबर २०१४

चि. सौ. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझी आई दोन दिवस विचारते आहे की पत्रात काय आहे. गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे.

वास घेण्याच्या नोकरीची लाज कसली बाळगतेस? मी तर चारचौघांत मिरवीन. लाज बाळगायची ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती तुला वाटते आहे हे बरं आहे. खाई त्याला खवखवे.

जावईबापूंचं चुकलं असेल तर ते साधं चुकलं आहे. नाडी न बघता औषध दिलं. वास किती, हवा किती ओली, दिवसभर सारखा येतो की अधूनमधून, हे आधी विचारायचं आणि मग मार्ग निवडायचा. कोळसा वाईट नाही, पण सांडपाण्याची हवा ओलीचिंब असते. ती आधी कोरडी केली नाही तर कोळसा भिजून बसतो. असली चूक दुरुस्त होते गं. पण टाकी बिघडली आहे हे सांगायला जे नाक ठेवलं होतं तेच खोटं बोललं, तर दुरुस्ती कोण करणार?

उगाच शहाणपण सांगत नाही. आमच्या स्टेशनमागच्या चाळीतल्या बायका तक्रार घेऊन यायच्या तेव्हा, बाई, तुम्हाला भास होतोय, असं सांगून मी त्यांना परत पाठवत असे. साहेबांनी तसंच सांगायला शिकवलं होतं. त्यांतल्या एकीचंही नाव मला आता आठवत नाही.

लॅबला सांग. त्याआधी गौरांगरावांना सांग, त्यांना बाहेरून कळता कामा नये. नोकरी जाईल, जाऊ दे. लोभाचं विचारतेस? तो आहे, आणि रागही आहे. दोन्ही एकाच माणसाचे आहेत.

तुझे
आण्णा


ड्रेस्डेन
१६ नोव्हेंबर २०१४

तीर्थरूप आण्णांना शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. आधी गौरांगला. तो चिडेल म्हणून मी तयारीत होते, पण त्यानं एवढंच विचारलं की तेवीस का, नक्की तेवीस? पाचव्या दिवशी म्हणाला की टाकीपाशी त्यालाही वास यायचा, पण आमचे कागद बघून त्यानं स्वतःची समजूत घातली होती. आता ते काम त्याच्याकडून काढून घेतलं आहे. सालींच्या वाफ्यासाठी जागा आखताहेत. लॅबच्या प्रमुख बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ओळखपत्र परत घेतलं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करणार असं सांगितलं. मला वाटलं, संपलं.

पण फ्राउ विंकलरना कुणीच काही कळवलं नव्हतं. म्हणून काल बसनं गेले. बाई एकट्याच राहतात, पंच्याऐंशीच्या असतील. ग्रामसभेत आकडे दाखवले तेव्हा त्या तिथे होत्या. त्यानंतर मुलानं त्यांना आधी नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मग डोक्याच्या. पाच शिकलेली माणसं साठ-साठ श्वास घेऊन वास नाही म्हणतात, तर माझंच काहीतरी बिघडलं असणार, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. इतर चौघांनी आपापल्या जागी अधूनमधून वास लिहिला होता, आण्णा. त्यांच्या कुंपणापाशी उभी राहून साठही ठिकाणी ‘नाही’ असं लिहिणारी मी एकटीच. गॅस चालू राहिला तर कळणार नाही, म्हणून त्यांनी स्वयंपाक करणंसुद्धा सोडलं होतं. दुपारी पाव खात होत्या.

मी सगळं सांगितलं. नवऱ्याचं, नावाचं, तेवीस श्वासांचं. मध्ये माझं जर्मन अडखळलं, तरी सांगितलं. त्यांनी गौरांगबद्दल काही विचारलं नाही, माझ्याबद्दलही नाही. वास खरंच येत होता का, एवढंच तीनदा विचारलं. तीनदा मी हो म्हटलं.

मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडत रडत माझे आभार मानले. शिव्या दिल्या असत्या, दार लावलं असतं, तर मी निमूट सोसलं असतं. आभार कसे सोसायचे ते तुम्हीच सांगा.

आईला नमस्कार.

तुमची
मुक्ता